पडझड

मी पडझड बांधते. हाच धंदा.
वडील सोनोरातले गवंडी, ओळंब्याला देव मानणारे;
तोच ओळंबा गाडीत टाकून
मी भिंती वाकड्या करत हिंडते.

टूसॉनच्या उत्तरेला वर्षाकाठी वीतभर पाऊस.
तिथे चारशे बारा घरांच्या मधून
स्कॉटलंड अंथरायचं ठरलं:
अठरा होल, तळं, कमानीचा पूल,
रस्त्यांना कुठल्या कुठल्या कुळांची नावं,
आणि चौदाव्या होलच्या डाव्या अंगाला
बाराव्या शतकातला किल्ला,
जूनअखेर तयार हवा.

हॅल्व्हर्सन साहेबांना मी विचारलं,
हा पाडला कुणी?
तोफेने पडलेली भिंत वेगळी दिसते,
म्हातारपणाने बसलेली वेगळी.
त्यांनी नकाशावरून मान वर केली नाही.
"मागच्या बारा प्लॉटना मावळता सूर्य दिसला पाहिजे," म्हणाले,
"तेवढा पाड."

म्हणून पश्चिमेचा बुरूज कंबरेपर्यंतच आहे.
प्लॉटमागे चाळीस हजार डॉलर जादा.

थर्मोकोलचे ठोकळे, वर जाळी, वर सिमेंट.
ओल्या गिलाव्यावर चुरगळलेला चांदीचा कागद
दाबून काढला की दगडाला कातडी येते.
शेवाळ ताकात घोटून फासा, असं कुणीसं सांगितलं.
फासलं. तिसऱ्या दिवशी त्याचे पापुद्रे
मुंग्या ओळीने घेऊन गेल्या.
मग हिरव्या रंगाचे तीन डबे,
आणि वय यावं म्हणून उरलेली कॉफी.

(उद्घाटनाला भर उन्हात लोकरी घागरा घालून
बॅगपाइप फुंकणारा युमाचा पोरगा
दोनदा चक्कर येऊन पडला.
लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.)

विल्मा स्ट्रँडबर्ग, घर नंबर एकसष्ट,
अंगणात येऊन पडलेले चेंडू
अंड्यांच्या खोक्यात तारीख घालून ठेवते.
तिने तेव्हा विचारलं होतं, इथे कोण राहायचं गं?
हात सिमेंटात होते, तोंड मोकळं होतं.
म्हटलं, धाकटी सून. वेढ्याच्या रात्री
तिनेच दरवाजाची आगळ आतून काढली.
का काढली, ते मला सुचलं नाही.
चार महिन्यांनी विक्री कचेरीच्या माहितीपत्रकात
ती सून छापून आली, पान सहावर,
उडत्या केसांसकट.

मग पाण्याचा दर वाढला. कंपनी बुडाली.
तळ्याच्या बुडाशी काळं प्लास्टिक निघालं
आणि चेंडू, इतके चेंडू,
जणू कुठली अजस्र कासवीण
अंडी घालून विसरून गेली.
हिरवळ वाळवंटाच्या रंगाला आली, एकदाची.

परवा सोसायटीने मला पुन्हा बोलावलं.
भिंतींना भेगा गेल्यात. पत्रात स्वच्छ लिहिलंय:
मूळ भेगांना हात लावू नये,
नंतरच्या तेवढ्या बुजवाव्यात.

सकाळपासून थापी घेऊन उभी आहे.
ही माझी. ही
माझी असावी.
हिच्यात घुबडाने घर केलंय, आणि ते
घुसखोर मीच असल्यासारखं बघतंय.

वडिलांचा ओळंबा काढला, सोडला.
दोरी सरळ राहिली. तिला काय विचारणार.

विल्मा थंड चहा घेऊन आली. वाकली आहे आता.
थर्मोकोलवर हात टेकून म्हणाली, देल्फिना,
त्या सुनेला पुढे कुणी माफ केलं का?

मी ग्लास एका दमात संपवला.
म्हटलं, थांब जरा.
आगळ का काढली, ते तरी आधी कळू दे.