बाकी

शुक्रवार. वसतिगृहाच्या खानावळीला कुलूप,
म्हणून बस धरून मत्रहला उतरले.
बाजार मिटलेला. रस्त्यावर मी आणि एक मांजर.

मागचा काळा डोंगर म्हणजे समुद्राचा तळ,
वर येऊन वाळत बसलेला,
असं तासाला शिकवलंय.
हात लावून पाहिला. चटका बसला.

मग सावली धरून पाट्या वाचत गेले,
उजवीकडून डावीकडे, पहिलीतल्या पोरासारखी:
दु… क्का… न.
अगं बाई, दुकान!
एका फाटक्या जाहिरातीवर तारीख,
बँकेच्या दारावर हिसाब.
परमुलखात आपल्याच आडनावाची माणसं
भेटत गेली.

चारला फळ्या उघडल्या.
खलफान नावाच्या म्हाताऱ्यानं
चमचाभर हलवा चाखायला दिला,
केशराचा, बोटं तुपकट करणारा.
मी वाटीभर घेतला, रियाल दिला.
त्यानं नाणी मोजून तळहातावर ठेवली:
"बाकी."

तिसरीत मी हातचा घ्यायला विसरायचे,
बाकी कधी जुळायची नाही.

रात्री जिंतूरहून आईचा फोन.
जेवलीस का, ऊन फार आहे का,
आणि मग, नेहमीसारखं,
"बाकी काय?"

खिशात हात घातला.
दोन नाणी, चिकट.
"बाकी," म्हटलं, "आहे थोडी."