तीळ

नया बाजारात गजक कुटतायत.
दोघं समोरासमोर, लाकडी हातोडे, एक वर एक खाली,
थंडीभर लष्करात हा आवाज असतो.
मागच्या पौषात मी खिडकी लावून घ्यायचो.

वरचा जबडा डावीकडून काढला
तेव्हा टाळूला भोक राहिलं, रुपयाएवढं.
पाणी प्यायलो की नाकातून यायचं,
'बकुळ' म्हटलं की 'मकुळ' ऐकू यायचं.
ती तरीही ओ द्यायची.

नऊ महिने मिक्सर.
पोळी, वांगं, संक्रांतीची गुळपोळीसुद्धा
दुधात घालून भर्र.
सगळ्याचा रंग शेवटी एकच होतो, शाडूचा.
बकुळ माझ्यासमोर जेवायची नाही,
ओट्याशी उभ्यानं, आवाज न करता.
पापड तर घरात येणंच बंद.

मग भदौरिया डॉक्टरांनी साचा घेतला,
गुलाबी प्लेट दिली, तारेचे आकडे, सहा दात.
"शिंगराला पहिला लगाम," म्हणाले, "तोंड आधी भांडेल."
भांडलं.
वरणभातात रक्त आलं.
केळं किती चिवट असतं
हे कुणी सांगत नाही.

ए.जी. ऑफिसात चौतीस वर्षं
मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले,
आता स्वतःचे घास मोजतो.
भाकरीच्या पापुद्र्याला सत्तेचाळीस.
काठाला एकोणऐंशी,
आणि तरी बाकी राहिलीच, ती तशीच गिळली.

काल ती भाजी घ्यायला खाली गेली.
तोमरांनी दिलेला गजकेचा डबा
पिठाच्या डब्यामागे लपवलेला, मला ठाऊक होता.
नखाएवढा तुकडा घेतला,
जिभेनं उजवीकडे ढकलला,
आणि डोक्याच्या आत
कट्ट.

बाहेर कुणालाच ऐकू जात नाही तो आवाज.
मी तिथेच उभा, झाकण हातात,
चोरी केलेल्या पोरासारखा.

एक तीळ प्लेटखाली जाऊन बसला.
दिवसभर टोचला, पेपर वाचताना,
बँकेत हयातीचा दाखला देताना.
काढावासा वाटला नाही.

रात्री प्लेट वाटीतल्या पाण्यात ठेवायची असते.
तीळ सुटून वर आला.
बकुळनं वाटी दिव्याखाली धरली,
मग माझ्याकडे पाहिलं.
प्लेट नसली की मला बोलता येत नाही.
तिनंही विचारलं नाही.

आज दुपारी भाजल्या पापडाचा वास आला.
ती ताट घेऊन समोर बसली,
आणि मोडला तिनं तो,
माझ्याकडे बघत, चांगला जोरात.