अर्धं पाऊल

जुलैतल्या एका ओल्या गुरुवारी कागद झाला.
उरलेला हंगाम आणि पुढचा एक ब्रायर्लीचा,
मग त्याच्या जागी ओकॅलहन.
मुहूर्त एकतीस ऑक्टोबर, दुपारी बारा.
म्हाताऱ्यासाठी वरच्या मजल्यावर खोली,
दारावर 'सल्लागार', खिडकी मैदानाकडे.
अध्यक्षबाई म्हणाल्या, इतकं स्वच्छ काम
या क्लबात आजवर झालं नव्हतं.
स्वच्छतेतलं मला थोडं कळतं.
सव्वीस वर्षं मी इथल्या जर्सी धुतो.

त्याच आठवड्यात रंगाचा डबा घेऊन
पार्किंगमध्ये ब्रायर्लीच्या चौकटीशेजारी
दुसरी चौकट आखली.
नाव काय घालू?
ऑफिसातून निरोप आला, स्टेलिओस, इतक्यात नको.
मग ओकॅलहन त्या बिननावाच्या चौकटीत गाडी लावायचा,
रेषेला चाक लागू न देता,
पाहुणा चपला काढतो तसा, अगदी कडेला.

ऑगस्टमधली गोष्ट.
तिसरा क्वार्टर संपलेला, अकरा गुणांनी मागे,
खाडीवरून आडवा पाऊस.
पोरांचं कडं, मध्ये ब्रायर्ली बोलतोय,
मी टॉवेलांचा ढीग छातीशी धरून उभा.
अकोल, एकोणीस वर्षांचा, विंगवर खेळणारा,
त्यानं विचारलं:
वारा फिरला तर मागे कोण थांबणार?

विचारलं, आणि बघितलं ओकॅलहनकडे.

बस, एवढंच.
ब्रायर्लीचं वाक्य अर्ध्यावर होतं, ते तिथेच राहिलं.
तो अर्धं पाऊल मागे सरला,
टाच सीमारेषेच्या ओल्या चुन्यात.
ओकॅलहननं उत्तर दिलं, चार शब्दांत.
आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. ते नोंदीत आहे.
टाचेचा ठसा पावसानं नेला.

मुहूर्ताला अजून चौदा महिने होते.

त्या चौदा महिन्यांचं काय करायचं
ते करारात कुणी लिहिलं नव्हतं.
संघाच्या फळ्यावर नावांची चुंबकं,
रात्री एकानं लावलेली,
सकाळी दुसऱ्यानं बोटभर सरकवलेली.
फळा पुसायला जाणाऱ्याला हे दिसतं.
पोरं एका दारावर टकटक करायची
आणि जाता जाता दुसऱ्या दाराला हसून दाखवायची.
भांडण म्हणाल तर एकदाही नाही.
दोघं इतके जपून वागायचे
की कॉफीच्या मशीनपाशी
आधी तू, आधी तू करत दोघांची कॉफी गार व्हायची.
नुसतं भिजत घोंगडं. पिळायचं कुणी?

एका रात्री ब्रायर्ली फळ्यासमोर, दिवा न लावता.
मुठीत अकोलचं चुंबक.
मला म्हणाला, जर्सी वाळायला किती वेळ लागतो रे?
म्हटलं, वाऱ्यावर असतं.
आणि वेळ आधीच ठरवून ठेवली तर?
तर ठरल्या वेळी काढायची, मी म्हणालो,
ओली असली तरी.
तो हसला नाही. चुंबक परत लावलं,
जिथे ओकॅलहननं ठेवलं होतं तिथेच.

एकतीस ऑक्टोबरला केक आला.
एकाच चेंडूवर दोघांचे हात,
फोटोवाल्यानं तीनदा हात मिळवायला लावले,
पहिल्या दोन वेळी कुणाचे तरी डोळे मिटले होते.

पुढच्या हंगामात नऊपैकी सात सामने गेले.
रेडिओवर चर्चा, योजना फसली.
त्याआधीच्या जूनमध्ये सलग पाच जिंकलो
तेव्हा हाच रेडिओ म्हणत होता, याला म्हणतात दूरदृष्टी.
माझ्या मुलीनं विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं?
मी म्हटलं, मला तारीख माहीत आहे.
कुठली ते तिनं विचारलं नाही.

पहिल्या चौकटीत आता ओकॅलहनचं नाव आहे.
मी स्वस्तातला रंग वापरला, माझी चूक.
ऊन चढलं की खालचा 'ब्रा' वर येतो.

गुरुवारी सराव संपला की
म्हातारा कधी कधी खाली धुलाईखोलीत उतरतो.
पालथ्या टोपलीवर बसून
ड्रायरमधल्या गरम जर्सींच्या घड्या घालतो.
चुकीच्या घालतो, नंबर आत जातो.
मी काही बोलत नाही.
तो गेल्यावर एकेक उलगडून पुन्हा घालतो,
नंबर वर येईल अशी,
सकाळी पोरांना आपापली सापडायला हवी.