सहावी फळी

जूनच्या पहिल्या सोमवारी मी सहावी फळी काढली.
सिडारची, सहा इंच रुंद, शेवाळानं बुळबुळीत.
हुकात अडकवून ओढली
तेव्हा हलत्या दातासारखी आधी नाही-नाही म्हणाली,
मग एकदम हातात आली.
पाणी निघालं डाकोटाच्या सपाटीवरून नाल्याकडे,
मागे वळून न बघता.

तीन आठवड्यांत नुसता चिखल.
चिखलाबरोबर फोन.
"परवान्याचे पैसे भरतो, वर बदकांचा स्टॅम्प घेतो,
ते पाण्यासाठी. आणि तू आम्हाला रबडी दाखवतेस?"
अर्ने स्कोगस्टाड. बावन्न हंगाम
एकाच पाणकणसांत दबा धरून बसलेला माणूस.
म्हटलं, चिखलाला ऊन लागू दे, अर्ने.
खाली बी झोपलंय. पाण्यात ते उठत नाही.
त्यानं फोन ठेवला. ठेवला कसला, आपटला.

हा हिशेब कुणाला समजावून सांगता येत नाही.
मारायला येणारेच घर राखायला पैसे देतात.
भाचीला सांगितलं, तर ती म्हणाली,
म्हणजे खाटकानं गोठा बांधावा तसं?
तसं, म्हटलं.
मैलभरानं म्हटलं, तसं नाही.
मग नुसतीच गाडी चालवत राहिले.

फेब्रुवारीत, उणे वीसच्या थंडीत,
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पंगत बसली होती.
हॅम, बटाटे, आणि लिलाव.
एका बंदुकीनं दोन एकर आणले.
मग लाकडी बदक, मेल्विन ओडेगार्डनं कोरलेलं,
डावा डोळा रंगवायचा राहिला आणि तो गेला.
चारशेला विकलं. घेणारा म्हणाला, पुन्हा लावा.
साडेतीनशेला विकलं. पुन्हा लावा.
तिसऱ्यांदा लव्हॉन ओडेगार्डनं हात वर केला,
जिच्या घरात आता एक काडतूसही नाही.
काटेचमचे थांबले. कुणी तिच्यावर चढवेना.
"चढवा की रे," ती म्हणाली,
"फुकटात नको मला माझ्या नवऱ्याचं बदक."
स्वतःच पाचशे बोलली. पैसे मोजले.
पुन्हा लावा, म्हणाली.
एकही हात वर गेला नाही.
शेवटी कोटाच्या आत धरून
तिलाच ते घरी न्यावं लागलं.

त्या पाचशेच्या मी फळ्या आणल्या,
उरलेल्यात पंपाला डिझेल.
पावतीवर लिहिलं: लाकूड.

ऑगस्टमध्ये चिखल हिरवा झाला, मग गुलाबी,
गुडघ्याएवढं गवत, दाण्यांनी वाकलेलं.
सप्टेंबरात एकेक फळी परत बसवली.
पाणी घोट्याएवढं. जास्त नाही,
बदकाची मान पोचली पाहिजे.
आधी थापटे आले, चमच्यासारख्या चोचींचे,
मग तलवार बदकं, मग हिरव्या डोक्यांची झुंड,
उतरताना पंखांचा आवाज
कुणी जुनी चादर फाडावी तसा.

हंगामाच्या पहिल्या सकाळी
मी गाडीत बसून बार मोजले.
चाळीसनंतर मोजणं सोडलं.

नऊला अर्ने आला, कमरेपर्यंत ओला.
बॉनेटवर एक बदक ठेवलं, अजून ऊबदार,
चाकूच्या टोकानं गळा उघडला
आणि तळहातावर ओतलं:
बी. काळं, तिळाएवढं, चकचकीत, ओंजळभर.
माझ्यासमोर हात धरून उभा राहिला.
काही बोलला नाही. मीही नाही.

एक दाणा उचलून दाताखाली धरला.
चिखलासारखा लागला.
मग सांगितलं, गुरुवारी सातवी फळी घालायचीय,
रिकामा असशील तर ये.