तेलाला वारा

खोकं फोडून त्याने तो माझ्या मांडीवर ठेवला,
दिवाळीची साडी ठेवावी तसा.
ऑईल कूलर. एकोणीस पट्ट्यांचा,
किसणीपेक्षा थोडा जड.
मी म्हटलं, एवढ्याशा जाळीचे साडेअकरा हजार?
जालिंदर म्हणाला, इंजिनाला विचार.

इंजिनाला कशाला विचारू?
खालापूरचा टोल सोडला की हा फोन स्पीकरवर टाकतो
आणि बोलत नाही.
मी इथे कळंबोलीत कणीक मळत घाट ऐकते:
तिसरा गिअर, दुसरा,
मागे सोळा टनांची पोलादी कॉइल,
मग हँडब्रेक, मग दार.
मग त्याचं खाकरणं.
"एकशे अठ्ठावीस झालं गं. तेल पाण्यासारखं पातळ."
मी म्हणते, थांब मग. वाऱ्याला उभा राहा.
माझ्याकडे तेवढंच असतं सांगायला.

रविवारी गाडी गल्लीत घेतली,
नाक थेट आमच्या मोरीच्या खिडकीशी.
समोरच्या बेहेरेबाई गॅलरीतून म्हणाल्या,
सिडकोने ही घरं माणसांसाठी बांधलीत हो.
केबिन पुढे ओणवली. जाळी उतरली.
रेडिएटरवर फुलपाखरं, एक रुमाल, बडीशेपेची पाकिटं,
दोन वर्षांचा पुणे रस्ता चिकटलेला.
नटबोल्ट माझ्या पोह्यांच्या ताटलीत:
तेराचे, सतराचे,
आणि एक कुठलाच नाही असा.
काळं तेल घमेल्यात गळलं, बराच वेळ,
शेवटी थेंब मोजता येतील इतकं हळू.
फिल्टर हाताने हलेना,
तेव्हा त्याने कमरेचा पट्टा काढून आवळला
आणि पँट सावरत पिळला.

त्या जागी प्लेट, प्लेटवर नवा फिल्टर,
प्लेटीतून दोन नळ्या पुढे, कूलरपर्यंत.
नळी चेसीला जिथे घासेल तिथे
धाकट्याच्या सायकलची ट्यूब कापून गुंडाळली.
धाकटा बघत होता. काही म्हणाला नाही.
नवं तेल ओतलं, केबिन खाली घेतली.

"तू चावी फिरव, मी खालून बघतो."
चौदा वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदा बसले.
स्टिअरिंग केवढं मोठं असतं.
फिरवली.
आणि खालून "बंद कर, बंद कर, बंद!"

साडेतीनशे रुपये लिटरचं तेल
गल्लीतून बेहेरेबाईंच्या पायरीकडे निघालेलं.
पोरांनी कुणाच्या तरी बांधकामाची वाळू आणून टाकली.
जालिंदर रस्त्यावरच बसला,
कुर्ल्याच्या दुकानदाराला, त्याच्या बापाला,
प्लेट घडवणाऱ्याला शिव्या देत.
मग शिव्याही संपल्या.

प्लेट पुन्हा काढली. त्याचा पंजा आत शिरेना.
माझा शिरला, कोपरापर्यंत, बांगड्यांसकट.
इंजिन अजून कोमट होतं, तापातून उतरलेल्या पोरासारखं.
बोटाने काठ चाचपला,
गोल, गुळगुळीत, मग नखाला मऊ लागलं.
जुन्या फिल्टरची रबरी रिंग,
काळ्यावर काळी, तिथेच चिकटून राहिलेली.
तिच्यावर त्याने नवी चढवली होती.

म्हटलं, कुकरला कधी दोन रिंगा बसतात का?

तो हसला नाही.
पुसून घेतलं त्याने ते तोंड, बनियनने,
तीनदा.

सोमवारी रात्री कॉइल भरून गेला.
मी भांडी घासत होते, फोन ओट्यावर,
ती रिंग साबणाने धुऊन ठेवलेली.
सहज हातात घालून पाहिली. सैल होती.
तिसरा गिअर. दुसरा.
दुसराच, बराच वेळ,
इतका वेळ की मी नळ बंद केला.
मध्येच बोगदा आला असावा, आवाज गेला.

"ऐकतेस?"
हो.
"एकशे चार."
पुढे काही बोलला नाही तो, मीही नाही.
गाडी चालूच होती.