ऱ्य

सिडकोत, पवननगरच्या पाण्याच्या टाकीमागे
दुसऱ्या मजल्यावर बसून मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला.
जुन्या फॉन्टातला मजकूर ओतला
की नव्या फॉन्टात निघतो. एवढंच.
साडेतीन एमबी. नवरदेवाच्या फोटोपेक्षा हलका.
नाव ठेवलं अक्षरपालट.

किंमत ठरवायला मात्र लिहिण्याहून जास्त दिवस गेले.
आधी नऊशे नव्याण्णव. कोणी फिरकलं नाही.
मग चारशे नव्याण्णव. मालेगावहून एक फोन:
"डेमो आहे का?" आहे.
आठवड्याने पुन्हा: "डेमोवरच भागतंय."
मग एकशे एकोणपन्नास,
तर ओझरचे शिरोडे म्हणाले,
"इतकं स्वस्त? व्हायरसबियरस नाही ना ताई?"
तरी घेतलं.
भाऊ म्हणाला, फुकट दे, जाहिराती लाव.
म्हटलं, पत्रिका जुळवणाऱ्या माणसापुढे
रमीचे पत्ते नाचवू?

करारनामाही मीच लिहिला,
वकिलाला द्यायला पैसे नव्हते म्हणून मराठीत:
एक किल्ली, एक संगणक.
संगणक जळाल्यास कळवावे, नवी किल्ली मिळेल.
दुसऱ्याला देऊ नये.
दिलीच, तर चांगलं चालतं एवढं तरी सांगावं.
सगळे न वाचता "मान्य आहे" दाबतात.
एकाने वाचला. विचारलं,
लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ?
माझं, तुमचं, की विंडोजचं?
आठ दिवस मी उत्तर दिलं नाही. खरंच माहीत नव्हतं.

मग कार्डं छापायला भद्रकालीत गेले,
बागुलांच्या प्रेसमध्ये.
ऑपरेटर झुबेर, कानावर पेन्सिल,
आणि पडद्यावर माझीच खिडकी उघडी,
तीच पिवळी पट्टी, जी मला हिरवी हवी होती.
कोपऱ्यात माझं नाव असायचं तिथे
"पिंट्या कॉम्प्युटर्स, फ्री फ्री फ्री".
किल्ली शिरोड्यांची. शेवटचे चार आकडे पाठ आहेत मला,
पहिलं गिऱ्हाईक कोण विसरतं?

"काय वापरता हे?"
"एक नंबर चीज आहे मॅडम.
पेनड्राइव्ह असेल तर द्या, टाकून देतो."
मी पर्स चाचपली. होता एक.
"फक्त ऱ्य खातं.
येणाऱ्या, जाणाऱ्या, सगळे लंगडे.
हाताने बसवतो, एका पत्रिकेत वीस-वीस."

राग यायला हवा होता.
आली ती लाज,
पाहुण्यांसमोर आपल्या पोराचं नाक वाहावं तशी.
तो ऱ्य मी श्रावणातच दुरुस्त केला होता,
तीन रात्री जागून.
गिऱ्हाइकांना कळवलंही, अकरा जणांना.
दोघांनी ब्लॉक केलं.

"नव्या आवृत्तीत नीट येतो," मी म्हटलं.
"तुम्हाला काय माहीत?"
"मोडलेला माझाच होता."

झुबेरने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे,
पुन्हा पडद्याकडे. पेन्सिल कानावरून काढून
उगीचच दुसऱ्या कानावर ठेवली.
बागुल गल्ल्यावरून उठून आले.
"कितीला?"
एकशे एकोणपन्नास.
"शंभर करा. कार्डात वळते करू."

कार्डं गुरुवारी मिळाली. पिंट्याच्या प्रतीतून निघालेली:
"जुनी अक्षरं नव्यात आणून देणा" आणि पुढे
एक रिकामा चौकोन, आणि मग "या".
बागुल ओशाळले, पुन्हा छापतो म्हणाले.
राहू द्या, म्हटलं.
शालिमारपासून रविवार कारंजापर्यंत वाटली मी ती,
प्रत्येक प्रेसवाल्याने चौकोनावर बोट ठेवलं,
"ताई, इथे चुकलंय."
हो, म्हणायचे मी, तेच विकते.
चौघांनी घेतलं. एकाने उधार.

काल रात्री झुबेरचा मेसेज आला:
मॅडम, पिंट्याने नवीन पण फोडलं.
सॉरी.
पण ऱ्य एकदम टकाटक.