तांबड्या पेडलवरचं अक्षर

मशीन चीनहून आली तेव्हा
खोक्याच्या फळ्या आम्ही चहासाठी जाळल्या.
अडीचशे टनी प्रेस.
बटणांवर मराठी स्टिकर लावायचं काम माझ्याकडं:
चालू, बंद, वर, खाली.
तांबड्या पेडलवर एकच अक्षर, 刹,
पुढचं दुसरं वाहतुकीत खरवडून गेलेलं.
मोबाइल धरला त्याच्यावर.
मोबाइल म्हणाला: विहार.
उत्रेश्वर हसला,
'हाण मंग पाय विहारावर, थांबती का बघू.'
थांबली.

जोडणीला आलेली शू पेइलान
तीन आठवडे बजाजनगरात अंडी-भातावर राहिली.
तिनं ग्रीसच्या बोटानं पत्र्यावर काढून दाखवलं:
डावीकडं फुली, फुलीखाली झाड,
उजवीकडं उभी सुरी.
झाड तोडतायत का, मी विचारलं.
तसं दिसतं खरं, ती म्हणाली,
पण हे आवाजासाठी ठेवलेलं अक्षर.
तुमच्या पोथ्या आमच्याकडं आल्या, त्यांत शब्द होता क्षेत्र.
आमच्या जिभेला तो अख्खा पेलेना,
पहिलाच घास घेतला: छा.
बुद्धाची भूमी, छा. विहार, छा.
स्तूपाच्या डोक्यावर छत्र्या पेलणारा दांडा, छा.
मग क्षण आला, त्यालाही हेच, शेपटीला 'ना' लावून.
क्षत्रियाचं तोंड हेच, राक्षसाचं शेपूट हेच.

आणि ब्रेक?
तिनं खांदे उडवले.
मोटारी आल्या, थांबायला अक्षर पाहिजे होतं.
हेच घेतलं, उच्चार थोडा फिरवला: शा.

त्या रात्रपाळीत मला झोप नाही आली, गंजाचा वास नुसता.
गेटवर पाटी: वाळूज औद्योगिक क्षेत्र.
उत्रेश्वरच्या बापाच्या जुन्या सातबाऱ्यावर रकाना: क्षेत्र,
एक हेक्टर वीस आर,
त्यातले काही आर बरोबर आमच्या शेडखाली.
शेत म्हणजे तोच शब्द, अनवाणी चालून झिजलेला.
सण म्हणजे क्षणच, हातोहात गुळगुळीत झालेला.
त्यांनी तोडून ठेवला, आम्ही झिजवून.

रविवारी तिला विद्यापीठामागच्या लेण्यांत नेलं.
चैत्यात ती स्तूपाच्या माथ्याकडंच बघत राहिली.
दांडा नव्हता.
लाकडाचा असेल, मी म्हटलं, गेला असेल.
उतरताना म्हणाली, एका चुटकीत पासष्ट क्षण असतात,
आमच्या जुन्या भिक्खूंनी लिहून ठेवलंय.
पायऱ्यांवर आम्ही तिघं चुटक्या वाजवत बसलो.
उत्रेश्वरची सगळ्यात खणखणीत,
माकडं पळाली.

फेब्रुवारीत लायनर झिजला.
रजिस्टरात मी दोनदा लिहिलं होतं, ब्रेक ढिला.
सुपरवायझरची सही आहे खाली, दोन्ही वेळची.
त्यानं पेडल दाबलं. प्रेस थांबली.
म्हणजे थांबलीच, पण जरा नंतर.
अंगठ्याशेजारचं आणि मधलं. उजव्या हाताची.
मी फरशी धुतली, मग पुन्हा धुतली.

पेइलानला कळवलं.
तिनं लायनर बदलायचा नकाशा पाठवला,
कुठला बोल्ट किती आवळायचा ते बाणांनी दाखवून.
खाली काहीच लिहिलं नव्हतं.

खंडेनवमीला प्रेस धुतली, लिंबू ठेवलं,
झेंडूची माळ पेडलपर्यंत लोंबली.
उत्रेश्वर आता गेटवर असतो, गाड्यांचे नंबर
डाव्या हातानं लिहितो, तिरपे.
आत आला, अक्षराला कुंकू लावलं.
'काय काय अर्थ म्हणली व्हती ती बाई?'
मी सांगायला लागलो, भूमी, विहार, दांडा,
तोच त्यानं डावा हात वर केला
आणि चुटकी वाजवली.
नीट वाजली नाही.
परत वाजवली.

'मोज,' म्हणाला.